द्राक्षगर्भ : संज्ञा आणि रोगाचा प्रसार

गर्भावस्थेशी निगडित अर्बुदांची नावे गर्भाशयाकडेच बोट दाखवितात. वारेच्या जागी द्राक्षांच्या घोसासारखे पाणीदार फोड होतात, म्हणून ‘द्राक्षगर्भ’ ही संज्ञा. वर्णन म्हणून ती चोख आहे. परंतु तिने सुचविलेले स्थान प्रत्येक वेळी खरे ठरत नाही.

आईच्या रक्तवाहिन्यांत शिरणे हा वारेच्या पेशींचा स्वाभाविक धर्मच होय. त्यांना कर्करोगाचे रूप आले, म्हणजे त्या शिरांवाटे हृदयाच्या उजव्या भागात व तेथून फुप्फुसांत जातात. म्हणून फुप्फुसे हे प्रसाराचे प्रमुख स्थान. पुढे मेंदू व यकृत, आणि क्वचित मूत्रपिंड, प्लीहा वा आतडीही ग्रासली जातात. कित्येकदा गर्भाशयातील मूळ गाठ नाहीशी झालेली असते. शिवाय हा रोग द्राक्षगर्भानंतरच होतो असे नाही. गर्भपातानंतर किंवा सुखरूप बाळंतपणानंतरही, क्वचित काही वर्षांनी, तो उद्भवतो.

महाड-पोलादपूरकडील एखाद्या डोंगरवाडीतील स्त्रीच्या खोकल्यातून रक्त पडू लागले, तर प्रथम क्षयाची शंका येणे साहजिक आहे. अशा वेळी प्रश्नाची भाषा निर्णायक ठरते. ‘मुले किती?’ या प्रश्नाच्या उत्तरात पडलेला गर्भ येत नाही. ‘कधी कधी दिवस राहिले, आणि प्रत्येक वेळी पुढे काय झाले?’ असे विचारल्यास तो येतो.

त्यानंतरची वाट सोपी आहे. या पेशी एचसीजी हे संप्रेरक स्रवतात. ते रक्तात मोजता येते. लघवीची साधी पट्टी सूचना देते. परंतु संप्रेरकाचे प्रमाण अतिशय वाढले असता ती कधी खोटा नकारही देते. गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढल्यास मात्र जीवघेणा रक्तस्राव संभवतो.

१९५६ साली अमेरिकेत ली, हर्ट्झ व स्पेन्सर यांनी मेथोट्रेक्सेटने हा पसरलेला रोग हटविल्याचे प्रसिद्ध केले. आज सौम्य गटातील जवळजवळ सर्व, आणि दूरवर पसरलेल्या रोगातीलही बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. पूर्ण द्राक्षगर्भ काढल्यावर शेकडा १५ ते २० स्त्रियांत रोग शिल्लक राहतो. यास्तव एचसीजी पूर्ववत होईपर्यंत, व त्यानंतरही काही महिने, तपासणी चालू ठेवणे अगत्याचे असते. ‘पिशवी साफ झाली’ या वाक्प्रयोगाने रोग संपल्याचा जो समज होतो, तो पोलादपूरहून पुन्हा तपासणीस येण्याची गरजच पुसून टाकतो.