रसायनशास्त्र आणि टाळलेलं गणित

बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी आता तीन विषयांवर खुणा करून भागत नाही. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, भारतीय ज्ञान प्रणाली असं एक मोठं कोष्टक त्याच्यापुढे येतं. राज्य शासनाच्या 20 एप्रिल 2023 च्या निर्णयाने ही रचना आखली. स्वायत्त महाविद्यालयांत ती 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाली. सत्राला 20 ते 22 क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176. बेरीज कशीही केली तरी जुळते. मात्र कोणता विषय कशाच्या आधी झालेला असला पाहिजे, हे या कोष्टकात कुठेच लिहिलेलं नसतं, आणि रसायनशास्त्राच्या पदवीचं यश बऱ्याच अंशी या क्रमावर अवलंबून असतं. माझं म्हणणं असं आहे की या क्रमात सगळ्यात आधी गणित यायला हवं. पहिल्या वर्षात त्याची सोय लावली नाही, तर पुढचे क्रेडिट जमा होतात, पण निम्मं रसायनशास्त्र पाठांतरावर निभावून न्यावं लागतं.

मेजरच्या जोडीचा दुय्यम विषय, म्हणजे मायनर, प्रत्यक्षात कसा ठरतो, हे आधी पाहू. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला गणित सक्तीचं नाही. वैद्यकीयच्या आशेने बी ग्रुप (गणिताऐवजी जीवशास्त्र) घेतलेली आणि नीटमध्ये अपेक्षित गुण न मिळालेली बरीच मुलं बी.एस्सी.ला येतात आणि त्यातली अनेक रसायनशास्त्राकडे वळतात. त्यांची गणिताची शेवटची ओळख दहावीची. साहजिकच वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मायनर म्हणून सोयीचं वाटतं. बारावीला गणित असलेल्या ए ग्रुपवाल्यांनाही ते 'स्कोअरिंग' राहील याची खात्री नसते. दुसरीकडे महाविद्यालय विषयांची जी बास्केट पुढे ठेवतं, ती कोणत्या विभागाकडे किती शिक्षक आहेत, कोणाचा वर्कलोड भरत नाही आणि प्रयोगशाळा कोणत्या दिवशी मोकळी आहे, यावरून ठरलेली असते. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30 तास हा हिशेब. समजा 22 पैकी 6 क्रेडिट प्रॅक्टिकलचे असतील, तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात 420 तास, म्हणजे आठवड्याला 28 तास होतात. एवढे तास बॅचेसमध्ये बसवताना वेळापत्रक करणाऱ्या प्राध्यापकाची दमछाक होते. त्याच्या कागदावर विषयांचा तर्क नसतो, मोकळे स्लॉट असतात. काही विद्यापीठांनी पहिल्या वर्षी तीन विषय देऊन दुसऱ्या वर्षी त्यातून मेजर-मायनर ठरवण्याची मुभा दिली आहे. ती चांगलीच आहे. फक्त त्या तिनांत गणित नसेल, तर दुसऱ्या वर्षी ते आपोआप उगवत नाही.

आता अभ्यासक्रम पाहा. पहिल्या वर्षी वायूंच्या प्रकरणात व्हॅन डर वाल्स समीकरण येतं आणि त्यावरून क्रांतिक स्थिरांक काढायचे असतात. क्रांतिक तापमानाच्या समतापी वक्राला एका बिंदूपाशी उतार शून्य असतो आणि तिथेच त्याची वक्रता दिशा बदलते. म्हणून पहिलं आणि दुसरं, दोन्ही अवकलज शून्य धरून दोन समीकरणं मिळतात. ज्याला अवकलज माहीत आहे त्याच्यासाठी हे दहा मिनिटांचं काम. ज्याला माहीत नाही तो क्रांतिक आकारमान 3b, क्रांतिक दाब a/27b², क्रांतिक तापमान 8a/27Rb अशी सूत्रं पाठ करतो. परीक्षेत दोघांना सारखे गुण मिळू शकतात, आणि खरी अडचण इथेच सुरू होते, कारण उणीव कुणाच्या नजरेस पडत नाही. पुढे रासायनिक गतिकी येते. प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल सुरुवातीच्या संहतीवर अवलंबून नसतो, हे विधान समाकलन केलेल्याला दिसतं आणि न केलेल्याला मानून घ्यावं लागतं, त्याच्यासाठी 0.693 हा नुसता एक आकडा असतो, 2 चा नैसर्गिक लॉगरिदम नव्हे. दुसऱ्या वर्षाच्या ऊष्मागतिकीत आंशिक अवकलजांशिवाय पान उलटत नाही. मॅक्सवेलचे संबंध, गिब्ज-हेल्महोल्ट्झ समीकरण, रासायनिक विभव ही सगळी त्याच भाषेत लिहिलेली आहेत. क्रमाने घडणाऱ्या अभिक्रियांना रेषीय अवकल समीकरण लागतं. तिसऱ्या वर्षी श्रोडिंगर समीकरण आणि पेटीतला कण येतो, आणि ऊर्जेच्या पायऱ्या n² च्या पटीत का वाढतात, याचं उत्तर साइन फलनाला पेटीच्या दोन्ही भिंतींपाशी शून्य व्हायला लावलं की मिळतं. त्यानंतरचा समूह सिद्धांत सारण्यांवर, म्हणजे मॅट्रिक्सवर उभा असतो. प्रत्येक पायरी आधीची गृहीत धरते. वनस्पतिशास्त्राच्या मायनरने यातली एकही पायरी चढायला मदत होत नाही. त्या विषयाचं स्वतःचं मोल आहे आणि जीवरसायनाकडे जाणाऱ्याला ते घसघशीत आहे, हे मान्य करूनही हे म्हणावं लागतं.

पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना ही गोष्ट कधीच कळली आहे. मॅक्वारी आणि सायमन यांच्या 1997 च्या भौतिक रसायनशास्त्राच्या ग्रंथात रसायनाच्या प्रकरणांच्या मध्ये गणिताची छोटी प्रकरणं पेरली आहेत, पुढच्या पानांवर जे लागणार तेवढंच आणि तेव्हाच. प्रवेश परीक्षा घेणाऱ्यांनाही कळली आहे. आयआयटीत एम.एस्सी.ला नेणाऱ्या जॅमच्या रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात फलनं, महत्तम-लघुतम, समाकलन, साधी अवकल समीकरणं, सदिश, सारण्या, निश्चयक आणि प्राथमिक संख्याशास्त्र यांची नावानिशी यादी आहे. 1901 साली रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालेला व्हान्ट हॉफ डेल्फ्टहून लायडेनला गेला तो मुख्यतः गणित शिकायला. 1998 च्या नोबेलचा सहमानकरी जॉन पोपल तर शिक्षणाने गणितीच. मोठ्या माणसांच्या उदाहरणांवरून एफ.वाय.च्या मुलांचं वेळापत्रक ठरवू नये, हे खरं. पण जॅमची यादी मोठ्या माणसांसाठी केलेली नाही.

प्रयोगशाळेत ही उणीव जास्त लपते. उपकरणं मोजकी असल्याने प्रयोग आळीपाळीने होतात. एक बॅच कंडक्टोमीटरवर, दुसरी पोटेन्शिओमीटरवर, तिसरी मिथाइल अ‍ॅसिटेटच्या जलअपघटनाचा वेग मोजते. त्यामुळे थिअरीत गतिकी सुरू होण्याआधीच गतिकीचा प्रयोग करून मोकळे झालेले विद्यार्थी दरवर्षी असतात. ठरावीक मिनिटांनी मिश्रण काढायचं, सोडियम हायड्रॉक्साइडशी टायट्रेट करायचं, लॉगरिदमचा आलेख काढायचा आणि उताराला 2.303 ने गुणायचं. हा 2.303 लॉग टेबलांच्या काळातला आहे. नैसर्गिक लॉगरिदम देणारा कॅल्क्युलेटर खिशात असूनही तो जर्नलमधून हटायला तयार नाही, कारण तो तिथे का आला हे विचारणारं कोणी नसतं. सरळ रेषा आली की जर्नलवर सही होते. तीच रेषा अर्ध्या तासाने वाकू लागली तर त्याचा अर्थ काय, हा प्रश्न प्रयोगाचा खरा गाभा आहे, आणि त्याचं उत्तर गणित आलेल्यालाच शोधता येतं.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसांचा असतो. मुलांना तारापूर, महाड, लोटे किंवा कुरकुंभच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लागायचं आहे. त्यांना श्रोडिंगर कशाला? श्रोडिंगर कदाचित लागणार नाही, पण गणित नेमकं तिथेच लागतं. औषधनिर्मितीत विश्लेषणाची पद्धत प्रमाणित करण्यासाठी आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेची क्यू-2 ही मार्गदर्शिका पाळली जाते. तिच्यात रेषीयता दाखवायला किमान पाच संहती सुचवल्या आहेत आणि सहसंबंध गुणांक, छेद, उतार यांची नोंद अपेक्षित आहे. ओळखता येण्याजोग्या किमान प्रमाणाचं सूत्र आहे 3.3σ/S, आणि मोजता येण्याजोग्या किमान प्रमाणाचं 10σ/S. σ म्हणजे प्रमाण विचलन, S म्हणजे अंशांकन रेषेचा उतार. एचपीएलसीचं सॉफ्टवेअर हे आकडे स्वतः काढून देतं, हे खरं. पण ऑडिटर प्रश्न सॉफ्टवेअरला विचारत नाही. 40 अंश सेल्सिअस आणि 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून औषधाच्या टिकाऊपणाचा अंदाज बांधायचा, यामागे तापमानाबरोबर अभिक्रियेचा वेग कसा वाढतो याचीच समज आहे, म्हणजे गतिकीत घोकलेलं अर्‍हेनियस समीकरण. नोकरीसाठी गणित नको म्हणणारे नोकरी मिळण्याबद्दल बोलत असतात; त्या नोकरीत दहा वर्षांनी माणूस कुठे असेल, याचा विचार त्यात नसतो.

दुसरा आक्षेप सेंद्रिय रसायनाच्या चाहत्यांचा. महाराष्ट्रात एम.एस्सी.ला सर्वाधिक ओढ 'ऑरगॅनिक'ची, आणि तिथे बाण आणि यंत्रणा पुरेशा, अशी समजूत आहे. पण ती जागा मिळायची तर प्रवेश परीक्षेचे किंवा एकूण गुण लागतात आणि त्यात भौतिक रसायनशास्त्राचा वाटा असतोच. शिवाय ज्या यंत्रणांचं कौतुक चाललंय त्या सिद्ध कशा झाल्या? वेग मोजून, हॅमेटच्या सरळ रेषा काढून, समस्थानिकांचा परिणाम तपासून. वुडवर्ड आणि हॉफमन यांनी 1965 मध्ये मांडलेले नियम कक्षकांच्या सममितीवर उभे आहेत. हा आक्षेप मला तरी आळसाचा वाटतो.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. दोन वर्षं गणिताला न शिवलेल्या मुलीला एकदम गणित मायनर घ्यायला लावलं तर ती तिथेच गटांगळ्या खाईल, सीजीपीए घसरेल, आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्क्यांची अट आहे. त्यात भर अशी की मायनर म्हणजे एखादा पेपर नव्हे, 18 ते 20 क्रेडिटची बांधिलकी आहे. आणि गणित विभाग स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी जे शिकवतो त्यात वास्तव विश्लेषण असतं, अमूर्त बीजगणित असतं. अनुक्रमाच्या अभिसरणाची सिद्धता रसायनाच्या विद्यार्थ्याला तातडीने नको असते. हे सगळं मान्य. म्हणून प्रत्येकाने गणित मायनर घ्यावं, असं माझं म्हणणं नाही. बारावीला गणित होतं आणि संशोधनाचा विचार आहे, त्यांनी जरूर घ्यावं. बाकीच्यांना हवं आहे ते रसायनासाठीचं गणित: अवकलन, समाकलन, लॉगरिदम, आंशिक अवकलज, सारण्या आणि त्रुटीचा अंदाज बांधण्यापुरतं संख्याशास्त्र. पहिल्या दोन सत्रांत प्रत्येकी दोन क्रेडिट, तेही रसायनाच्याच उदाहरणांतून.

हे बसवायचं कुठे? ओपन इलेक्टिव्हमध्ये बसत नाही, कारण शासन निर्णयानुसार तो विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच हवा. यातून गंमत अशी होते की रसायनाच्या विद्यार्थ्याला गणित विभागाचा दोन क्रेडिटचा पेपर ओई म्हणून घेता येत नाही, पण वाणिज्य शाखेचा संख्याशास्त्राचा पेपर घेता येऊ शकतो. प्रमाण विचलन आणि रेषीय समाश्रयण तिथे नीट शिकवलं जात असेल, तर तो पेपर खुशाल घ्यावा. उरतात व्हीएससी आणि एसईसी, म्हणजे कौशल्याच्या जागा. तिथे आज अनेकदा साबण, सुगंधी द्रव्यं, पाण्याची तपासणी अशी वरवरची ओळख असते. विदा हाताळणं, आलेखावरून स्थिरांक काढणं, त्रुटी मोजणं हे रसायनशास्त्रज्ञाचं रोजचं कौशल्य आहे आणि ते या रकान्यात बेलाशक बसतं. त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. एक संगणक कक्ष आणि गणित-रसायन विभागांतल्या दोन शिक्षकांची एकमेकांशी बोलण्याची तयारी पुरते. अभ्यास मंडळांनी हे करायला हवं. स्वायत्त महाविद्यालयांची मंडळं स्वतःची असतात, त्यामुळे विद्यापीठाकडे बोट दाखवण्याची सोय त्यांना तरी नाही.

मंडळ हलेपर्यंत विद्यार्थ्याने थांबू नये. प्रवेशाच्या वेळी पहिल्या सत्राचा कागद सगळेच वाचतात. त्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पाचव्या आणि सहाव्या सत्राचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा, त्यात कोणतं गणित गृहीत धरलं आहे ते पेन्सिलीने अधोरेखित करावं आणि मग मायनरच्या रकान्याकडे वळावं. चार वर्षं केली तर एम.एस्सी. एका वर्षात होते, तेव्हा हा विचार तीन वर्षांपुरता करूनही चालणार नाही. महाविद्यालयाच्या बास्केटमध्ये सोय नसेल तर 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाचा मार्ग आहे. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंतचे क्रेडिट तिथून घेता येतात, पण महाविद्यालयाने तो कोर्स आधी मान्य केलेला हवा. हे अभ्यासक्रम साधारण जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. बी.एस्सी.चे प्रवेशही जुलैच्या सुमारासच होतात, म्हणून विभागप्रमुखांना मायनरबद्दल विचारायला जाल तेव्हाच या परवानगीचा अर्जही सोबत न्या.