दहा दिवसांची मोहीम, अठरा वर्षांचे उपचार

आमच्या विभागात दरवर्षी एखादा तरी रेसिडेंट विचारतो, "मॅडम, परदेशात लहान मुलांच्या ऑपरेशनच्या मिशनला जातात ना, मलाही यायचंय. काय करावं लागतं?" मुलगा हुशार असतो, इच्छा खरी असते. पण थोडं बोलल्यावर कळतं, की त्याच्या डोळ्यांसमोर फक्त दोन फोटो आहेत. एकात फाटलेला ओठ, दुसऱ्यात हसरा चेहरा. त्या दोन फोटोंच्या मध्ये काय घडतं आणि दुसऱ्या फोटोनंतर काय घडायला हवं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. दुभंगलेल्या ओठांच्या आणि टाळूच्या शस्त्रक्रियांसाठी फिलिपिन्सला जाणाऱ्या पथकांबरोबर मी काम केलं आहे. या कामावर माझं प्रेम आहे आणि म्हणूनच त्याविषयीचे गैरसमज मला टोचतात. त्यांतले काही निरुपद्रवी आहेत, काही मात्र मुलांच्या जिवाशी येतात.

"तासाभराचं ऑपरेशन, की मूल बरं झालं"

जगात साधारण ७०० बाळांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्माला येतं. ओठ शिवायला तासभर लागतो हे खरं आहे. बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना तो शिवला तर उत्तम. पण उपचारांतलं हे सर्वांत ठळक दिसणारं आणि तुलनेने सोपं पाऊल आहे. टाळूचं काम अवघड. ती बाळ बोलायला लागण्याआधी, म्हणजे साधारण नऊ ते अठरा महिन्यांत शिवावी लागते. उशीर झाला तर हवा नाकावाटे निसटत राहते, 'प', 'ब', 'क' उमटत नाहीत, आणि मूल गेंगाणं बोलतं ते बऱ्याचदा कायमचं. अशा मुलांच्या कानातही पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. आठ-दहा वर्षांचं झालं, की हिरडीतली फट भरायला कमरेच्या हाडातला तुकडा घेऊन बसवावा लागतो, नाहीतर सुळ्याला धड जागाच मिळत नाही. मग दातांच्या तारा. या सगळ्यात महिनोन्‌महिने स्पीच थेरपी. काहींच्या जबड्याची शस्त्रक्रिया सतरा-अठराव्या वर्षी करावी लागते.

शिवलेला ओठ फोटोत दिसतो. शिवलेली टाळू फोटोत दिसत नाही, ती चांगली शिवली गेली की नाही हे दोन-तीन वर्षांनी मूल बोलायला लागल्यावर ऐकू येतं. दहा दिवसांसाठी आलेलं पथक ते ऐकायला तिथे नसतं.

"जितकी जास्त ऑपरेशनं, तितकी मोहीम यशस्वी"

हा समज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो देणगीदारांना आवडतो आणि वार्षिक अहवालात शोभतो.

इक्वेडोरमधल्या मोहिमांत टाळू शिवलेल्या मुलांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. शिवलेल्या टाळूत पुन्हा भोक पडण्याचं प्रमाण तिथे निम्म्याहून अधिक निघालं. अमेरिकेतल्या ज्या केंद्राशी तुलना केली होती, तिथे ते तीन टक्क्यांच्या आत होतं. यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. मोहिमेवर आलेल्या उत्तर अमेरिकन सर्जनांचे निकाल आणि मोहिमेतच काम करणाऱ्या इक्वेडोरच्या सर्जनांचे निकाल जवळजवळ सारखेच होते. म्हणजे दोष हातांचा म्हणून सोडून देता येत नाही. मोहिमेच्या पद्धतीकडेच बघावं लागतं. मुलं उशिरा येतात, फट रुंद असते, अंगावर मांस नसतं, दिवसाची यादी लांबलचक असते, आणि टाक्यांवर नजर ठेवणारं कोणी मागे राहत नाही.

मोहिमेचा हिशेब मांडायचाच असेल, तर किती टाळू शिवल्या यापेक्षा वर्षभराने किती शाबूत होत्या हे विचारावं. ज्या संस्थेला हे सांगता येत नाही, तिने टाळूची ऑपरेशनं करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ओठ करावेत, टाळू स्थानिक केंद्राकडे सोपवावी.

"इतक्या लांबून आलेल्या बाळाला परत पाठवणं म्हणजे निर्दयपणा"

ऑपरेशन स्माइल ही संस्था ज्या दौऱ्यातून जन्मली, तो १९८२ सालचा. प्लास्टिक सर्जन बिल मॅगी आणि त्यांच्या पत्नी कॅथी एका पथकाबरोबर फिलिपिन्समधल्या नागा शहरात गेले होते. जवळजवळ ३०० कुटुंबं आली. ऑपरेशन झालं सुमारे चाळीस जणांचं. बाकीचे आईबाप मुलांना घेऊन परत गेले आणि ते दृश्य मॅगी दांपत्याला सोडेना. त्यातून संस्था उभी राहिली. पथकं वाढली, तरी परत पाठवणं संपलेलं नाही, आणि पूर्णपणे संपूही नये.

तपासणीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या हॉलमध्ये बाकांच्या रांगा, पंख्याखाली घामेजलेली बाळं, प्रत्येक आईच्या हातात नंबराचा कागद. बालरोगतज्ज्ञ वजन बघतात, छाती ऐकतात, रक्त तपासायला पाठवतात. ओठासाठी जुना ढोबळ नियम आहे: बाळ १० आठवड्यांचं, वजन १० पौंड म्हणजे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन १०. आई रात्रभर बोटीने आणि मग बसने आलेली, बाळाचं नाक वाहतंय आणि छातीत घरघर. सर्दी झालेल्या बाळाला भूल दिली, तर त्याचं स्वरयंत्र आवळून बसू शकतं. ज्या रुग्णालयात लहान मुलांचा अतिदक्षता विभाग नाही, तिथे हा धोका घ्यायचा नाही म्हणजे नाही. दुभाष्या परिचारिका आईला समजावते, आई काही न बोलता बाळाच्या डोक्यावरचं टोपडं नीट करते. त्या क्षणी 'नाही' म्हणणारा डॉक्टर निर्दय नसतो. त्याने 'बरं, चालेल' म्हटलं असतं, तर त्या बाळाचा जीव धोक्यात आला असता.

मात्र 'नाही' म्हणून थांबणं चुकीचं. पुढच्या तारखेची चिठ्ठी, येण्याजाण्याचं भाडं आणि बाळाला दूध कसं पाजायचं याचं शिक्षण, एवढं तरी तिच्या पदरात पडलंच पाहिजे. टाळू फाटलेल्या बाळाला चोखता येत नाही, दूध नाकातून येतं, बाळ उपाशी राहतं आणि वजन भरत नाही म्हणून ऑपरेशन लांबतं. आपल्याकडे आजीच्या बोंडल्याने जे व्हायचं, तेच तिथली परिचारिका वाटी-चमच्याने किंवा दाबता येणाऱ्या बाटलीने शिकवते. बाळाला अर्धवट बसतं धरून थोडं थोडं पाजायचं आणि मध्ये मध्ये ढेकर काढायचा. या अर्ध्या तासाच्या शिकवणीने वाचलेल्या बाळांचे फोटो कोणी काढत नाही.

"मुख्य काम सर्जनचं, बाकीचे मदतीला"

टाळूच्या ऑपरेशनमध्ये सर्जन बाळाच्या डोक्याशी बसतो आणि तोंडच त्याची कामाची जागा असते. बाळाच्या श्वासाची नळीही त्याच तोंडातून गेलेली असते, हनुवटीवर मधोमध चिकटवलेली. तोंड उघडं धरणारं साधन जरा सरकलं तरी नळी दबते. रक्त आत जाऊ नये म्हणून घशात ओलं गॉज ठेवतात. ते शेवटी काढायचं राहून गेलं, तर नळी काढल्यावर बाळ गुदमरतं. म्हणून बाळाच्या कपाळावर चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवायचं आणि काढताना मोठ्याने सांगायचं अशी रीत आहे. पल्स ऑक्सिमीटरचा सूर ऑक्सिजन घसरला की खाली येतो. भूलतज्ज्ञाचे हात कुठेही असोत, कान त्या सुराकडे असतो.

भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि टेबलावरून हलवण्याआधी म्हणायची जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षा-यादी २००८ साली आली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली, त्यांत मनिला होतं आणि नवी दिल्लीही. मोठ्या माणसांच्या शस्त्रक्रियांमधलं मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हे काम ज्यांच्या पुढाकाराने झालं ते अतुल गावंडे मूळच्या विदर्भातल्या कुटुंबातले. पुढे २०११ साली त्यांच्याच सहभागाने लाइफबॉक्स ही संस्था सुरू झाली. गरीब देशांतल्या ऑपरेशन थिएटरमध्ये पल्स ऑक्सिमीटर पोचवणं आणि तो वापरायला शिकवणं हे तिचं काम.

आणि बाळ वॉर्डात गेल्यावर सर्जन जेवायला जातो, पण परिचारिकेची रात्र सुरू होते. कोपर वाकू नये म्हणून हातांना पट्ट्या बांधलेलं बाळ एका कुशीवर झोपलेलं असतं. ती दर थोड्या वेळाने बॅटरी मारून तोंडात बघते, कारण बाळ रक्त गिळत राहिलं तर बाहेरून काहीच दिसत नाही. पथकात एखादा सर्जन कमी असला तर यादी लहान होते, एवढंच. अशी परिचारिका नसेल, तर ऑपरेशन सुरूच करू नये. यंत्रांचा तंत्रज्ञही तितकाच मोलाचा. अमेरिकेतून आणलेलं ११० व्होल्टचं यंत्र फिलिपिन्समधल्या २२० व्होल्टच्या सॉकेटला लावलं, तर काय होतं हे त्यालाच आधी सुचतं.

"आईने ग्रहण पाहिलं म्हणून"

ग्रहणाने बाळाचा ओठ फाटतो ही भीती आपल्याकडे आहे तशी मेक्सिकोतही आहे, तिथे गरोदर बाई पोटापाशी धातूची पिन लावते. फिलिपिन्समध्ये आई गरोदरपणी पडली किंवा पोटाला मार बसला, असं कारण सांगतात. खरं म्हणजे ओठाचे भाग गर्भाच्या पाचव्या ते सातव्या आठवड्यात जुळतात आणि टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. ओठ जुळतो तोवर अनेक बायकांना दिवस गेल्याचं नीटसं कळलेलंही नसतं. आनुवंशिकता, धूम्रपान, अपस्माराची काही औषधं यांचा संबंध आहे, आणि पुष्कळदा एकच एक कारण सापडत नाही. आईचा दोष नाही हे तिच्या सासूसमोर सांगणं, हासुद्धा उपचारच.

"तिथे डॉक्टरच नाहीत, म्हणून आपण जायचं"

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली सांगितलं, की जगातल्या पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. हा आकडा खरा आहे, पण त्यावरून काढला जाणारा अर्थ चुकतो. नागा शहरात आणि मनिलात उत्तम सर्जन आहेत. कमी पडतात ते भूलतज्ज्ञ, ऑक्सिजन, रुग्णालयापर्यंतचं भाडं, आणि आईबापांची बुडणारी मजुरी.

हे ओळखून १९९९ साली सुरू झालेल्या स्माइल ट्रेनने परदेशी पथकं पाठवण्यापेक्षा स्थानिक सर्जनांना पैसा आणि प्रशिक्षण देण्याची वाट धरली. ऑस्कर मिळालेल्या 'स्माइल पिंकी' या माहितीपटातलं ऑपरेशन वाराणसीत झालं, भारतीय सर्जनच्या हातून. आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली पालघरला झाली, आणि दुभंगलेले ओठ-टाळू त्याच्या यादीत आहेत.

मराठी वाचकाला या जागी डॉ. शरदकुमार दीक्षित आठवतील. पंढरपूरचे दीक्षित न्यूयॉर्कमध्ये राहत. १९६८ पासून ते भारतात येऊन मोफत प्लास्टिक सर्जरी शिबिरं घेत राहिले. अपघाताने आलेलं अपंगत्व आणि घशाचा कर्करोग सोसूनही ते येत राहिले. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ साली ते गेले. त्यांच्या झपाट्याच्या गोष्टी सगळे सांगतात. मला मोठी वाटते ती त्यांची परत येण्याची शिस्त. तीच शहरं, तेच यजमान, वर्षानुवर्षं. शिबिराचं घर इथल्या संस्थांचं होतं, ते पाहुणे म्हणून त्यात येत. भारतीय जैन संघटनेने त्यांच्यामागेही ही शिबिरं चालू ठेवली, हे त्यामुळेच शक्य झालं.

"इच्छा आहे, पासपोर्ट आहे, बस"

परदेशी डॉक्टरला यजमान देशाचा तात्पुरता परवाना लागतो, आणि चांगली संस्था प्रमाणपत्रं, अनुभव, शिफारसपत्रं महिनोन्‌महिने आधी तपासते. विमानाचं भाडं आणि रजा बहुधा स्वतःचीच. जे काम आपल्या रुग्णालयात एकट्याने करायला मिळत नाही, ते तिथेही करायचं नाही. विद्यार्थ्याने नोंदी ठेवाव्यात, सामान मोजावं, बाळांशी खेळावं, बघावं. टाके घालायचा सराव गरिबाच्या बाळावर करू नये. फोटो काढायचा तर संमती वेगळी घ्यावी, ऑपरेशनच्या संमतीबरोबर नाही. उपचार मिळणार या आशेने उभी असलेली आई फोटोला नाही म्हणूच शकत नसते.

हे सगळं ऐकूनही रेसिडेंटचा उत्साह टिकला, तर मी त्याला एक काम देते. ज्या संस्थेबरोबर जायचं आहे तिला पत्र लिहून विचार: पथक परतल्यावर आठव्या दिवशी रात्री टाक्यातून रक्त आलं, तर त्या बाळाची आई कोणाला फोन करणार? तो माणूस कोणत्या रुग्णालयात असतो, त्याच्याकडे टाळू शिवणारा सर्जन आणि लहान मुलांना भूल देणारा डॉक्टर आहे का, आणि वर्षभराने बाळाला तपासायला कोण बोलावणार? उत्तरात त्या गावातल्या माणसाचं नाव आणि नंबर आला, तर रजेच्या अर्जावर मी सही करते.