सॉफ्टवेअरच्या खिडकीतलं पोर्टल: पाच गैरसमज

घाटकोपर-मुलुंडच्या सीए ऑफिसांत महिन्याच्या ११ आणि २० या तारखा सगळ्यांना पाठ असतात. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी पहिली जीएसटीआर-१ ची, दुसरी जीएसटीआर-३बी ची. एकेका क्लायंटचं लॉगिन हाताने करत बसायला नको म्हणून बरीच सॉफ्टवेअरं स्वतःच्याच खिडकीत पोर्टल उघडतात आणि युजर आयडी-पासवर्ड आपसूक भरतात. एखाद्या दिवशी ते भरेनासं झालं की ‘पोर्टल डाऊन आहे’, ‘नेट स्लो आहे’ असे तर्क सुरू होतात. दोष बऱ्याचदा त्या खिडकीबद्दलच्या आपल्या समजुतींत असतो.

गैरसमज १: कॉम्प्युटरवर क्रोम अपडेट आहे, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं पानही नीट उघडणार.

वस्तुस्थिती: त्या खिडकीचा क्रोमशी काही संबंध नसतो. व्हीबी ६ किंवा जुन्या डॉटनेटमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममधला ‘वेबब्राउझर कंट्रोल’ इंटरनेट एक्सप्लोररच्या इंजिनावर चालतो. रजिस्ट्रीत वेगळी नोंद केली नसेल, तर तो एक्सप्लोरर ७ सारखा वागतो. ११००१ हा आकडा टाकला तर एक्सप्लोरर ११ पर्यंत मजल जाते, त्यापुढे नाही. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी एक्सप्लोरर निवृत्त केला, पण त्याचं इंजिन विंडोजमध्ये ठेवलं. त्यामुळे जुनं सॉफ्टवेअर उघडतं, नवी पानं मात्र अर्धवट दिसतात. यावर उपाय म्हणजे ‘वेबव्ह्यू २’. तो एजच्या क्रोमियम इंजिनावर चालतो आणि २०२० च्या अखेरीपासून उपलब्ध आहे.

गैरसमज २: पान दिसलं, म्हणजे फॉर्म तयार आहे.

वस्तुस्थिती: हल्लीच्या पोर्टलवर आधी नुसता सांगाडा येतो, रकाने नंतर जावास्क्रिप्ट उभे करते. जुन्या कंट्रोलमध्ये ‘डॉक्युमेंट कम्प्लिटेड’ हा इशारा पानातल्या प्रत्येक फ्रेमसाठी वेगळा येतो. पहिल्याच इशाऱ्यावर प्रोग्रॅम पासवर्डचा रकाना शोधायला गेला, तर हाती काही लागत नाही. ‘पाच सेकंद थांब’ अशी सूचना लिहिणं हा तात्पुरता इलाज झाला. २० तारखेच्या गर्दीत पाचाचे पंधरा सेकंद होतात. हवा तो रकाना प्रत्यक्ष आला का, हेच तपासत राहावं लागतं.

गैरसमज ३: रकान्यात आकडा दिसतोय, म्हणजे तो भरला गेला.

वस्तुस्थिती: समजा प्रोग्रॅमने १५ अक्षरी जीएसटी क्रमांक, महाराष्ट्राच्या २७ पासून सुरू होणारा, रकान्यात ठेवला. स्क्रीनवर तो ठळक दिसतो, तरी खालचं बटण करडंच राहतं. अँग्युलर किंवा रिअ‍ॅक्टवर बांधलेलं पान रकान्यातल्या मजकुरापेक्षा टायपिंगच्या वर्दीकडे लक्ष ठेवून असतं. माणूस टाइप करतो तेव्हा ‘इनपुट’ हा इव्हेंट आपोआप उठतो. प्रोग्रॅमने थेट मजकूर ठेवला की तो उठत नाही, आणि पानाच्या हिशेबी रकाना रिकामाच राहतो. तो इव्हेंट कोडमधून मुद्दाम उठवावा लागतो. रिअ‍ॅक्टच्या पानांवर त्याआधी मजकूर ठेवण्याची पद्धतही बदलावी लागते.

गैरसमज ४: पान आपल्या खिडकीत आहे, म्हणजे त्यातलं सगळं आपल्या हातात आहे.

वस्तुस्थिती: पानात दुसऱ्या संकेतस्थळाची फ्रेम बसवलेली असेल, तर मुख्य पानातली स्क्रिप्ट तिच्या आत डोकावू शकत नाही. फाइल अपलोडच्या रकान्यात स्क्रिप्टला फाइलचा पत्ता लिहिता येत नाही, नाहीतर कुठलंही पान तुमच्या डिस्कवरची फाइल उचलून नेईल. कॅप्चा आणि ओटीपी तर समोर माणूस आहे याची खात्री करण्यासाठीच ठेवलेले असतात. डिजिटल सहीचं टोकनही पान स्वतः वाचत नाही. त्यासाठी कॉम्प्युटरवर ‘एमसायनर’सारखा वेगळा प्रोग्रॅम चालू असावा लागतो. तो बंद असेल, तर ब्राउझर कितीही बदलले तरी सही होणार नाही.

गैरसमज ५: पत्ता एचटीटीपीएस आहे, म्हणजे पासवर्ड सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती: एचटीटीपीएस फक्त वाटेतली चोरी रोखतं. खिडकी ज्या प्रोग्रॅमची, त्याला आत टाइप केलेलं अक्षर न् अक्षर वाचता येतं. म्हणूनच ऑक्टोबर २०१७ च्या ‘ओऑथ’विषयक मानकाने अ‍ॅपमधल्या लॉगिनसाठी अशा खिडक्या वापरू नयेत असं सांगितलं, आणि गूगलनेही २०२१ मध्ये त्यांतून होणारं साइन-इन अडवलं.

अशी खिडकी लॉगिन करायला आणि रिटर्नची स्थिती पाहायला सोयीची आहे. शेकडो बिलांचा तपशील चढवण्यासाठी मात्र सरकारनेच सरळ रस्ते दिले आहेत: ऑफलाइन टूलमधून निघणारी जेसॉन फाइल, किंवा जीएसटी सुविधा प्रोव्हायडरमार्फत चालणारा एपीआय. एपीआयची परवानगी करदाता स्वतः पोर्टलवरून देतो आणि ओटीपीने ती पक्की होते. पोर्टलवरचं बटण जागेवरून हललं, तरी हे दोन्ही रस्ते अडत नाहीत.

त्यामुळे सॉफ्टवेअरचं वार्षिक नूतनीकरण करताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. खिडकीमागे इंजिन कोणतं आहे? क्लायंटचे पासवर्ड कुठे आणि कसे साठवता? माहिती चढवायला जेसॉन किंवा एपीआयची सोय आहे का? पहिल्याचं उत्तर एक्सप्लोरर असेल आणि दुसऱ्याला टोलवाटोलवी झाली, तर नूतनीकरणाचा चेक लिहिण्याआधी दुसरं सॉफ्टवेअर बघायला लागावं.