एका खुर्चीपुरता पडदा

घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर ‘कर्व्ह्ड मॉनिटर’ हा शब्द एव्हाना तुमच्याही कानावर आला असेल. कॉम्प्युटरचा तो मोठा, दोन्ही कडांनी आत वळलेला पडदा. आमच्या हिंगणघाटात तो काही घरोघरी पोचलेला नाही, पण मोबाइलवर पोरं दिवसभर त्याचीच चित्रं बघतात. आमच्याकडे ही मागणी आली ती लेकीकडून. मुलाकडून नाही, लेकीकडून. मुद्दाम दोनदा सांगतेय, कारण ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या प्रत्येकानं आधी हेच विचारलं, “काय म्हणता! पोरगी गेम खेळते?”

खेळते. सिव्हिल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ड्रॉइंगच्या कामासाठी जोडून घेतलेला कॉम्प्युटर घरात आहे, आणि अभ्यास झाला की रात्री दीड-दोन तास ती त्यावर खेळते. चार मुलींची त्यांची टीम आहे, एक नाशिकची, एक बेळगावची, अशा. अनोळखी पोरं समोर असली की माइक बंद ठेवायची. का, तर मुलीचा आवाज ऐकला की तिकडून काय काय ऐकू येतं, ते ती मला सांगत नाही आणि मी खोदून विचारत नाही.

पैशांची जुळवाजुळव अशी होती. सातवी-आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिनं स्वतः चौदा हजार साठवले होते. त्याच सुमारास माझा भिशीचा नंबर लागला, वीस हजार. हे वीस हजार तिच्याच कानातल्यासाठी धरलेले होते. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “सोनं कर बाप्पा. सोनं कामी येते. काचेचं काय, आज हाय, उद्या नाई.” त्यांचं चूक कसं म्हणू? मुलीचं वय वीस. आमच्या समाजात वीस म्हणजे सोन्याचा हिशोब सुरू होतो.

यांची काळजी वेगळी. गेम म्हटलं की यांच्या डोळ्यांपुढे जुगार येतो. म्हणून बसून नीट वाचलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धांना, वेगळी मान्यता मिळाली. त्याआधी 2022 च्या डिसेंबरमध्ये सरकारनं ई-स्पोर्ट्सला क्रीडा खात्याकडे जागा दिली होती आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत त्याला पदकंही होती. हे सगळं वाचून दाखवल्यावर हे म्हणाले, “बरं. पण पदक नको, पास होऊ दे.” एवढ्यावर मिटलं.

आता खरेदी. लेकीला हवा होता बत्तीस इंची, वळलेला आणि ‘फोर-के’. मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, पण बावीस वर्षं शिवणक्लास चालवतेय, कापड कळतं. आणि आमच्या हिंगणघाटला कापसाचं काही सांगावं लागत नाही, इथल्या कापसाचं नाव एकेकाळी इंग्लंडच्या बाजारात चालत होतं. माझे वडील मिलमध्ये होते. कापडाला बोट लावून ते इंचात किती धागे असतील ते सांगायचे. पडद्याचंही नेमकं तसंच आहे, हे लेकीनं समजावलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली.

पडद्यावरचे ठिपके म्हणजे धागे समजा. ‘फुल एचडी’ म्हणजे आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके. हेच ठिपके चोवीस इंची पडद्यावर असले तर एका इंचात 92 बसतात, वीण घट्ट दिसते. पण तेवढेच ठिपके बत्तीस इंचांवर ताणले की इंचाला 69 उरतात. कापड झिरझिरीत होतं, अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. दुकानात ‘बत्तीस इंची, कर्व्ह्ड, एकदम स्वस्त’ अशी पाटी असेल तर आधी हे विचारा. आकार मोठा आणि वीण विरळ, असा माल त्या पाटीखाली बरेचदा असतो. बत्तीस इंचांवर 2560 बाय 1440 घेतलं की पुन्हा इंचाला 92 होतात. आणि फोर-के, म्हणजे 3840 बाय 2160, घेतलं तर 138. हे अगदी मलमल.

मग मलमलच का नको? मीही हेच विचारलं. तर त्यात मेख अशी आहे की हे ठिपके रंगवतो कोण? कॉम्प्युटरच्या पोटातलं ग्राफिक्स कार्ड. फुल एचडीला त्याला प्रत्येक चित्रात साधारण 21 लाख ठिपके रंगवावे लागतात, 1440 ला 37 लाख आणि फोर-केला 83 लाख. म्हणजे फुल एचडीच्या चौपट! आणि असं चित्र सेकंदाला साठ वेळा, शंभर वेळा. आमच्या कार्डाची ताकद मधली. त्याच्यावर 83 लाखांचं ओझं टाकलं असतं तर खेळ रखडत चालला असता, आणि चारच महिन्यांत “आई, कार्ड बदलावं लागते” ऐकावं लागलं असतं. कार्ड म्हणजे पडद्याहूनही महाग प्रकरण. लग्नात शालू स्वस्त पडला आणि ब्लाउजच्या जरीनं कंबर मोडली, तसं. आम्ही 1440 वर थांबलो. लेक थोडी हिरमुसली, पण हिशोब तिनंच करून दाखवला होता.

चौतीस इंची लांबट पडद्याचाही मोह होता. तो दिसायला फार देखणा. 3440 बाय 1440, जवळजवळ ऐंशी सेंटिमीटर रुंद. पण टेप घेऊन बघाल तर त्याची उंची साधी सत्तावीस इंचीएवढीच. ‘चौतीस’ ऐकून फसायला होतं, वाढते ती रुंदीच. शिवाय लेक जो ‘व्हॅलोरंट’ नावाचा नेमबाजीचा खेळ खेळते, तो असल्या लांबट पडद्याची पूर्ण रुंदी वापरूच देत नाही, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. ऐंशी सेंटिमीटरचे पैसे द्यायचे आणि पट्ट्या बघत बसायचं?

वळण कशासाठी, हे मला सगळ्यांत उशिरा कळलं. मला ती नुसती फॅशन वाटत होती. एक प्रयोग करा. रुंद पाटासमोर दोन फुटांवर बसा. मधला भाग डोळ्यांपासून दोन फूट, पण कडा त्याहून लांब. बत्तीस इंची सपाट पडद्याच्या कडा मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर लांब पडतात. कडा आत वळवल्या की हा फरक कमी होतो. खोक्यावर 1500 आर लिहिलेलं असतं, म्हणजे तो पडदा पूर्ण गोल वाढवला तर दीड मीटर त्रिज्येचं वर्तुळ होईल. 1800 आर असेल तर वळण कमी, 1000 आर असेल तर जास्त. आकडा जितका लहान तितकं वळण जास्त, आपल्या सुईच्या नंबरासारखं उलटं. 1500 आरला बत्तीस इंचीच्या कडा चारेक सेंटिमीटर पुढे येतात, 1000 आरला सहा. ऐकायला काहीच नाही, पण बसून बघितलं की कळतं.

आणि बसून बघतानाच दुसरी गोष्ट लक्षात आली. हा पडदा एका माणसासाठी आहे. टीव्ही सपाट असतो, कारण दिवाणावर सासूबाई, खाली पोरं, दारात उभी असलेली मी, सगळ्यांनी बघायचा असतो. वळलेला पडदा मात्र मधोमध बसलेल्या माणसाकडे तोंड करून असतो. बाजूला उभं राहिलं की सरळ रेघा वाकड्या दिसतात. त्यात वळलेल्या पडद्यांत बहुतेक ‘व्हीए’ जातीचं पॅनेल असतं. त्याचा काळा रंग गडद आणि सुंदर, पण बाजूनं बघितलं की रंग फिके पडतात, आणि अंधाऱ्या चित्रात वेगानं काही हललं तर मागे धूसर शेपटी दिसते. ‘आयपीएस’ जातीचं पॅनेल बाजूनंही चांगलं दिसतं, पण काळा रंग तेवढा गडद नसतो.

हे ऐकून हे म्हणाले, “म्हणजे चौतीस हजारांतून एकटीनंच बघायचं?” हो, एकटीनंच. मी त्या रात्री बराच वेळ विचार करत होते. आमच्या घरात मुलीसाठी म्हणून जे जे घेतलं, त्यात एकटीचं काय होतं? सायकल घेतली, ती भावानं वापरली. टेबल घेतलं, त्यावर माझी शिलाई मशीन आली. कानातलंसुद्धा तिच्यासाठी म्हणून घ्यायचं, पण घालून जायचं दुसऱ्याच्या घरी. तिच्या खुर्चीकडे तोंड करून बसलेली वस्तू घरात ही पहिलीच असणार होती. आणि त्यातले चौदा हजार तिनं स्वतः कमावलेले होते. सकाळी मी भिशीचं पाकीट तिच्या हातात दिलं.

नागपूरला गेलो एसटीनं, जांब, बुटीबोरी करत. 2023 च्या मार्चपासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघींचं मिळून एकाचंच भाडं. सीताबर्डीत तीन दुकानं फिरलो. दोन दुकानांत तरुण विक्रेते बोलत माझ्याशी होते, पण नजर बाहेर, जणू कुणीतरी पुरुष मागून येणार आहे. लेकीनं विचारलं, “रिफ्रेश रेट 165 आहे तो एचडीएमआयवर की डिस्प्लेपोर्टवर?” तेव्हा कुठे एकाची मान सरळ झाली. सेकंदाला पडदा किती वेळा चित्र बदलतो तो हा आकडा. 60 आणि 144 यांतला फरक मलाही दिसला, नुसता माउसचा बाण फिरवून. पण मोठा आकडा मिळायला वायर आणि तिची जागा दोन्ही बरोबर लागतात. जुन्या एचडीएमआय 2.0 मधून फोर-के 60 च्या पुढे नीट जात नाही, त्याला 2.1 किंवा डिस्प्लेपोर्ट हवं. घरी आणल्यावर सेटिंगमध्ये जाऊन आकडा स्वतः वाढवावा लागतो, हेही ध्यानात ठेवा. कित्येक जण 165 चे पैसे देऊन महिनोन् महिने 60 वरच बघत असतात.

तिसऱ्या दुकानात एकानं सांगितलं, बत्तीसच्या वर जाऊ नका, टॅक्स 28 टक्के लागतो. हे जुनं झालं. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या मॉनिटरलाही 18 टक्केच आहे. बिलावरचा आकडा वाचून मगच पैसे द्यावेत. आणि ‘एचडीआर 400’ अशा चिकटपट्टीला भुलून हजार-दोन हजार जास्त मोजू नयेत, एवढ्याशा उजेडानं डोळ्यांना फार काही वेगळं दिसत नाही.

घेतला तो बत्तीस इंची, 1440, 1500 आर, साडेतेवीस हजारांचा. दुकानातच लावायला लावला. पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, मग लाल, हिरवा, निळा असा पडदा करून मेलेला ठिपका आहे का ते बघितलं. सर्व्हिसवाला घरी येणार की आपण नागपूरला न्यायचा, हे बिलावर लिहून घेतलं. कारण बिघाड झाला तर पंचाहत्तर किलोमीटर काच मांडीवर घेऊन कोण जाणार! खोकं आणि थर्माकोल टाकायचं नाही. येताना खोकं उभंच ठेवलं. आडवं ठेवून त्यावर कुणी पिशवी टेकवली की वळलेल्या काचेवर नको तिथे दाब येतो. कंडक्टरदादांनी मागची सीट दिली, त्यांचे आभार.

उरलेल्या पैशांत यूपीएस घेतला. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कशी येते-जाते ते तुम्हाला सांगायला नको, आणि वर्धा जिल्ह्यातला मे महिना म्हणजे माणसाचीच फ्यूज उडते. पडदा स्वतः एखाद्या पंख्यापेक्षाही कमी वीज खातो, खरी खादाड ते कार्ड. त्यामुळे टेबल खिडकीच्या उन्हातून काढून आतल्या भिंतीशी नेलं. वळलेल्या पडद्यावर खिडकीचा उजेड पसरून येतो, ते दुसरं कारण. आणि टेबल खोल हवं, निदान दोन फूट. माझी मशीन त्यासाठी ओसरीत गेली. तिथे उजेड चांगला आहे, बरंच झालं.

सासूबाईंनी दिवाणावरून एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “मले तर सगळं तिरपंच दिसून राह्यलं.” लेकीनं त्यांना खुर्चीत बसवून पंढरपूरच्या वारीचा व्हिडीओ लावून दिला. पाऊण तास उठल्या नाहीत. उठताना मात्र मला विचारून गेल्या, कानातल्याचं काय ठरवलं. भिशीतला माझा पुढचा नंबर फेब्रुवारीत आहे, असं सांगितलंय.