न राहणाऱ्या कुटुंबाचं वीजबिल

अमेरिकेत मेरिलँडमधल्या गेथर्सबर्ग इथे 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेच्या आवारात एक दुमजली सौरघर आहे. जुलै २०१३ पासून वर्षभर तिथे आई-वडील आणि दोन मुलं असा चौघांचा संसार चालला. शॉवर सुरू होत, दिवे लागत, कपडे धुण्याचं यंत्र फिरे. घरात माणूस मात्र एकही नव्हता. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे संगणकच सगळं चालू-बंद करी. चौघांच्या अंगातून हवेत जाणारी ऊब आणि दमटपणासुद्धा छोटी उपकरणं सोडत असत.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण माणसं बदलली की घराचे आकडे बदलतात. १९७०च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट सोकोलो आणि सहकाऱ्यांनी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत एकाच नकाशाची घरं मोजली. एका घराला तापवायला लागणारं इंधन दुसऱ्याच्या दुप्पट भरल्याचीही उदाहरणं निघाली. राहणारे बदलले की त्याच घराचा खर्चही बदले. मग श्रेय कुणाचं, भिंतींचं की काटकसरीचं? निस्टच्या घरात हा गोंधळच काढून टाकला होता.

भिंतींची परीक्षा वेगळीही घेता येते. दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवतात आणि आतली हवा बाहेर खेचतात. आत-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक पडला की फटींतून वारा आत शिरू लागतो. खिडकीच्या कडेला धुराची बारीक रेघ धरली की ती हलते आणि चोरवाट सापडते. नकाशावर ही फट कधीच दिसत नाही.

निस्टच्या घराला हिवाळ्याने चांगलंच गाठलं. १०.२ किलोवॅटची पॅनेलं ३८ दिवस बर्फाखाली होती आणि हिशेब तुटीत गेला. तरी वर्षाअखेरीस १३,५७७ युनिट वीज तयार झाली आणि सगळा वापर वजा जाता ४९१ युनिट उरली. मोजणी मार्चमध्ये थांबवली असती तर हेच घर नापास ठरलं असतं. म्हणून पूर्ण वर्षापेक्षा कमी मोजणीवर विश्वास ठेवू नये.

महाराष्ट्रात छतावर सोलर बसवणारे आता बरेच आहेत. 'बिल शून्यावर आलं' हे ते आनंदाने सांगतात, आणि तो आनंद खराच असतो. पण नेट मीटर फक्त ग्रिडशी झालेली देवाणघेवाण मोजतो. दुपारी पॅनेलवरून थेट फ्रिजला गेलेली वीज त्यात येतच नाही. समजा, महिन्यात पॅनेलनी ३०० युनिट तयार केली, त्यातली १८० ग्रिडला गेली आणि रात्री ग्रिडमधून १०० घेतली. बिलावर ८० युनिट जमा दिसतील, पण घराने वापरलेली असतात २२०. हा खरा वापर कळण्यासाठी इन्व्हर्टरवरचा आकडा दर महिन्याला बिलाशेजारी लिहून ठेवावा लागतो. जुना एसी बदलला किंवा गच्चीला पांढरा रंग दिला, तर त्याचा खरा परिणाम या २२० मध्ये शोधायचा, आणि तोही मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून.