थेंब खाली, गळती वर

मारुती ८०० बाजारात आली १९८३मध्ये, तिचं उत्पादन थांबलं २०१४मध्ये. आजही कितीतरी घरांत ती नीट चालते आहे आणि पार्किंगच्या फरशीवर तिच्या जागी काळा डागही आहे. ‘जुनी गाडी, ऑइल गळणारच’ असं म्हणून मालक सोडून देतो, नाहीतर थेंब इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरला लटकलेला दिसतो म्हणून चेंबर पॅकिंग बदललं जातं. थोड्याच दिवसांत डाग पुन्हा हजर. ऑइल वरून ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे शोधायची असते ती सर्वांत वरची ओली जागा.

तेल-धुळीचा थर चढलेल्या इंजिनावर ती सापडत नाही. म्हणून आधी धुणं. इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकने झाका. डिग्रीझर लावून ब्रशने घासा, धुवा, पूर्ण सुकू द्या. सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि वीसेक मिनिटं गाडी फिरवून आणा. मग टॉर्च घेऊन पाहा. पांढऱ्या पावडरीवर काळसर ओघळ उमटलेला असतो. त्याचं वरचं टोक म्हणजे गळतीचं मूळ.

या ७९६ सीसी इंजिनात पहिला संशय टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर घ्यावा. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, ऑइल प्रेशर स्विच, कॅमशाफ्ट आणि क्रँकची सीलं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं. जुनं पॅकिंग वाकवलं की मोडतं. नवं बसवताना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करा. बोल्ट अति आवळले तर पॅकिंग चेपून बाहेर येतं. सिलिकॉनही थापू नका. आत सुटलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात.

नवं सीलही लगेच गळू लागलं, तर आतला दाब तपासा. पिस्टनच्या रिंगांतून थोडा गॅस चेंबरमध्ये उतरतोच आणि ब्रीदरच्या नळीतून बाहेर निघतो. नळी चोंदली की तो ऑइलला सीलमधून ढकलतो. नळी मोकळी असूनही ऑइलच्या झाकणातून धुराचे झोत येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत, गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारतंय. तिथे पॅकिंगवर खर्च करणं व्यर्थ.

क्रँकच्या मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गळती किरकोळ असेल तर ते काम क्लचप्लेटबरोबरच उरका. टायमिंग बेल्टवर किंवा तापलेल्या सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर ऑइल पडत असेल तर मात्र थांबू नका. बेल्ट खराब होतो आणि मॅनिफोल्डवर आगीचा धोका असतो.

गाडी गॅरेजला दिलीत तर मेस्त्रींना आधी इंजिन धुवायला सांगा, पाना नंतर. तोवर दर आठवड्याला डिपस्टिक पाहा. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा.