लग्न झालें म्हणून नोकरी कां जावी?

पूर्वी जयगडच्या बंदरांतून मुंबईस निघणारा चाकरमानी बहुधा पुरुषच असे. आज कोंकणांतल्या मुलीहि शिक्षण पुरें करून नोकरीसाठीं मुंबईची वाट धरतात. मुलीच्या हातीं नेमणुकीचें पत्र पडलें म्हणजे वडील मंडळी प्रथम वेतनाचा आंकडा पाहतात; खालच्या अटी सहसा कोणी वाचीत नाहीं. परंतु त्या अटींतच मुलीच्या साऱ्या आयुष्याचा प्रश्न दडलेला असूं शकतो, हें १९६५ सालच्या एका निकालावरून सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत येईल.

इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषधांच्या कंपनींत असा नियम होता कीं, कामावरील स्त्रीनें विवाह करतांच तिची नोकरी संपावी. म्हणजे ज्या दिवशीं दारीं सनई वाजावयाची, त्याच दिवशीं हातची भाकरी जावयाची! बॉम्बे लेबर युनियन या कामगारसंघानें हा नियम रद्द करण्याची मागणी केली. औद्योगिक न्यायाधिकरणानें ती फेटाळली, तेव्हां संघानें सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली.

कंपनीचें म्हणणें वरवर पाहतां व्यवहाराचें होतें. काम गटानें करावयाचें, सर्वांची हजेरी हवी, आणि विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात! न्यायालयास हें पटलें नाहीं. घरच्या जबाबदाऱ्या अविवाहित स्त्रीला किंवा विधवेलाहि असतातच. फरक काय तो बाळंतपणाच्या रजेचा. तेवढ्यासाठीं कांहीं स्त्रिया अधिक नेमून ठेवल्या म्हणजे काम अडत नाहीं. नियम रद्द झाला.

या निकालाचें मर्म असें कीं, मालकाची थोडी गैरसोय टाळण्यासाठीं स्त्रीची संपूर्ण उपजीविका हिरावून घेणें हा न्याय नव्हे.

पुढील वाट मात्र सरळ नव्हती. १९८१ सालीं एअर इंडियांतील हवाईसुंदरींच्या खटल्यांत पहिल्या गरोदरपणींच नोकरी संपविणारा नियम न्यायालयानें रद्द ठरविला. परंतु नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह न करण्याची अट कायम ठेविली. १९८७ सालीं मॅकिनन मॅकेंझी कंपनींतील स्त्री-लघुलेखिका ऑड्रे डिकॉस्टा यांच्या खटल्यांत, सारख्या कामास पुरुषांइतकेंच वेतन दिलें पाहिजे, असा निर्णय झाला. त्यास १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्याचा आधार होता.

तेव्हां घरांतील मुलीच्या पत्रांतील प्रत्येक कलम तिच्यासह बसून वाचावें. एखादी अट जाचक वाटल्यास ‘सही केली, आतां इलाज नाहीं’ असें म्हणून तिला गप्प बसवूं नये. कंपनीचा नियम हा कायद्याहून वरचढ नसतो. आणि १९६५ सालीं त्या स्त्रियांच्या पाठीशीं त्यांचा संघ उभा होता. आपल्या मुलीच्या पाठीशीं निदान तिचें घर तरी उभें असावें.